हळदीच्या कॅप्सूल, लक्ष्मीतरूचा काढा आणि राहून गेलेली मॅमोग्राफी

प्रश्न : माझं वय ४१, राहणार सांगली. माझ्या मोठ्या बहिणीला गेल्या वर्षी, ४५ व्या वर्षी, स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन, केमो, रेडिएशन झालं. आता ती रोज टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम (आजार परत येऊ नये म्हणून दिलेली गोळी) घेते. आमची सख्खी मावशीही याच आजाराने पन्नाशीच्या आत गेली. म्हणून घरात ठरलं की आपण आधीच काळजी घ्यायची. हळदीच्या कॅप्सूल दिवसाला दोन (एकीत ५०० मिलिग्रॅम अर्क, ९५ टक्के करक्युमिन, ५ मिलिग्रॅम मिरीचा अर्क), सकाळी उपाशीपोटी लक्ष्मीतरूच्या पानांचा काढा आणि ग्रीन टीच्या अर्काची एक गोळी. महिना झाला. ताईनेही तेच सुरू केलंय. यातला कोणता अर्क किती आणि किती महिने घ्यावा? घरची हळद आहे, ती दुधातून घेतली तर चालेल का? मुलगी १७ वर्षांची आहे, तिलाही द्यावं का?

उत्तर : आधी ताईंचं, कारण त्यात उशीर नको. त्यांनी कॅप्सूल, काढा आणि ग्रीन टीची गोळी तिन्ही आजच बंद करावं आणि पुढच्या भेटीची वाट न बघता कर्करोगतज्ज्ञांना फोन करून सांगावं की महिनाभर हे घेतलं होतं. टॅमॉक्सिफेन मात्र एक दिवसही चुकवू नये.

कारण असं. टॅमॉक्सिफेन गिळलं की ते जसंच्या तसं फारसं काम करत नाही. यकृतातले विकर (एन्झाइम), मुख्यतः सीवायपी-२डी-६ आणि सीवायपी-३ए-४, त्याचं रूपांतर एन्डॉक्सिफेनमध्ये करतात आणि इस्ट्रोजेनची वाट अडवण्याचं खरं काम एन्डॉक्सिफेन करतं. २०१९ साली नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना करक्युमिन आणि मिरीतलं पायपेरिन देऊन रक्त तपासलं. एन्डॉक्सिफेन सरासरी १२ टक्क्यांच्या आसपास उतरलं आणि काहींच्या बाबतीत ते उपयुक्त मानल्या जाणाऱ्या पातळीच्याही खाली गेलं. तिथला डोस ताईंच्या डोसापेक्षा मोठा होता, दिवसाला ३.६ ग्रॅम करक्युमिन आणि ३० मिलिग्रॅम पायपेरिन. अभ्यासही लहान होता. पण ज्या गोळीवर पुढची पाच ते दहा वर्षं भिस्त आहे, तिच्या बाबतीत एवढा इशारा पुरेसा आहे. फुलकोबी-ब्रोकोलीच्या कुळातून काढलेल्या डीआयएम नावाच्या गोळ्यांनीही टॅमॉक्सिफेनची सक्रिय रूपं घटल्याचं दिसलं आहे, तेव्हा कुणी ‘मग हळदीऐवजी हे घ्या’ म्हणालं तर तेही नको.

दुसरी अडचण यकृताची. टॅमॉक्सिफेनने काहींच्या यकृतात चरबी साठते. त्यात काढा आणि अर्क चालू असताना एसजीपीटी (यकृताच्या रक्ततपासणीतला आकडा) वाढलं, तर दोष कशाचा हे डॉक्टरांना कळत नाही आणि खबरदारी म्हणून टॅमॉक्सिफेनच थांबवायची वेळ येऊ शकते. म्हणजे उपयोग सिद्ध झालेलं औषध बंद, आणि तेही ज्याचा उपयोग सिद्ध नाही अशा गोष्टीपायी. भाजी-आमटीतली हळद आणि मिरी याला अपवाद आहे. ती खुशाल खावी.

आता तुमचा प्रश्न. स्तनाचा कर्करोग टाळतो असं माणसांवरच्या चाचणीत सिद्ध झालेला वनस्पतीचा एकही अर्क आज नाही. त्यामुळे ‘किती आणि किती महिने’ याला प्रामाणिक उत्तर असूच शकत नाही. ज्या डोसने फायदा झाला, तोच डोस सांगता येतो.

मग ‘अमुक अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या’ अशा बातम्या कुठून येतात? बहुतेक काचेच्या ताटलीतून. एमसीएफ-७ नावाची स्तनाच्या कर्करोगाची पेशीमालिका आहे. १९७० साली अमेरिकेतल्या एका रुग्ण ख्रिस्ती जोगिणीच्या (नन) छातीतल्या पाण्यातून त्या पेशी मिळाल्या आणि आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्या वाढवल्या जातात. पानं वाळवायची, मिथेनॉलमध्ये भिजवायची, द्रावण उडवून उरलेला अर्क पेशींवर टाकायचा आणि ४८ किंवा ७२ तासांनी किती जगल्या ते रंगाच्या तीव्रतेवरून मोजायचं. टाटा स्मारक रुग्णालयाच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेतही अशी चाळणी होते. तिथे कच्च्या अर्काने मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेत पेशींची वाढ निम्म्यावर आणली, तरच तो ‘सक्रिय’ धरतात. छापून येणारे कितीतरी अर्क १०० किंवा २०० मायक्रोग्रॅमला कुठे परिणाम दाखवतात, आणि मथळ्यात तो आकडा नसतो.

कडक कसोटीला उतरलेला अर्क घेऊन हिशोब करा. बाईच्या अंगात साधारण ४ लिटर रक्त. त्यात मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम हवं, तर ८० मिलिग्रॅम अर्क एकाच वेळी, न बदलता, रक्तात असायला हवा. तोंडाने घेतलेल्या अर्काचा मोठा भाग आतड्यातून आत शिरत नाही, शिरला तो यकृत बदलून टाकतं आणि उरलेला काही तासांत बाहेर पडतो. ताटलीत यातलं काहीच घडत नाही. शिवाय ताटलीतल्या पेशी मुळात कर्करोगाच्याच असतात. त्या मेल्या म्हणून निरोगी स्तनात कर्करोग सुरू होणार नाही, हे कुठून आलं? प्रतिबंध तपासायचा तर हजारो निरोगी स्त्रियांना वर्षानुवर्षं अर्क किंवा त्याच्यासारखी दिसणारी, औषध नसलेली निव्वळ गोळी देऊन मोजावं लागतं.

हळदीचे आकडे बघा, कारण तुम्ही हळदीच्या गावच्या. चांगल्या हळदीत करक्युमिन वजनाच्या साधारण ३ टक्के असतं. चहाचा एक चमचा हळद म्हणजे ३ ग्रॅम, म्हणजे करक्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. तुमच्या दोन कॅप्सूलमध्ये ९५० मिलिग्रॅम आहे, जवळपास दहा चमचे हळदीएवढं. ‘हळद तर आपण पिढ्यान्‌पिढ्या खातो’ हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. दहा चमचे हळद आणि वर मिरीचा अर्क कुठल्याच पिढीने रोज खाल्लेला नाही. तरीही रक्तात पोचतं किती? तैवानमधल्या एका चाचणीत रुग्णांना दिवसाला ८ ग्रॅम करक्युमिन दिलं, म्हणजे तुमच्यासारख्या सोळा-सतरा कॅप्सूल. रक्तातली सर्वोच्च पातळी मिलिलिटरला ०.६५ मायक्रोग्रॅमच्या आसपास होती. ताटलीत परिणाम दिसतो तो बहुधा त्याच्या पाच-दहा पटीला.

म्हणूनच कॅप्सूलमध्ये मिरी घालतात. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम करक्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिलं, तर शोषण २० पटींनी वाढतं. जाहिरातीत हा ‘२००० टक्के’ आकडा मोठ्या अक्षरात असतो. पण पायपेरिन हे साधतं कसं? परकी रसायनं बाहेर काढणारी यकृत-आतड्याची यंत्रणा ते मंद करतं. ती यंत्रणा रक्तदाबाच्या, फिटच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसाठीही तीच आहे, त्यामुळे त्यांचंही गणित बिघडतं. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला सूज आल्याच्या बऱ्याच नोंदी झाल्या. अमेरिकेतही असे रुग्ण नोंदले गेले, त्यांत अनेकांच्या गोळ्यांत मिरीचा अर्क होता आणि एचएलए-बी-३५:०१ हा जनुकीय प्रकार असलेल्यांचं प्रमाण जास्त आढळलं. तो आपल्यात आहे की नाही, हे गोळी घेण्याआधी कुणी तपासत नाही.

दुधातली घरची हळद अर्धा चमचा रोज घ्या, चव आवडते म्हणून. मुतखड्याचा त्रास असेल तर त्याहून वाढवू नका, हळदीत ऑक्झलेट भरपूर असतं. हळकुंडं घरी दळून घेत असाल तर उत्तमच. सुट्या पिवळ्याजर्द पुडीत लेड क्रोमेटची भेसळ सापडते, आणि ते शिसं अंगात साठतं.

ग्रीन टीच्या अर्काची तुलनेने नीट परीक्षा झाली आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटात, पाळी गेलेल्या आणि स्तनांची घनता जास्त असलेल्या हजारावर स्त्रियांना वर्षभर रोज ८४३ मिलिग्रॅम ईजीसीजी (ग्रीन टीतलं मुख्य द्रव्य) असलेला अर्क किंवा निव्वळ गोळी दिली. दाट स्तन ही जोखमीची खूण, म्हणून घनता उतरते का ते बघायचं होतं. एकूण गटात ती उतरली नाही. यकृताच्या तपासण्या मात्र अर्क घेणाऱ्यांपैकी सुमारे ५ टक्के स्त्रियांत बिघडल्या, दुसऱ्या गटात १ टक्क्याहून कमी. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेनेही २०१८ मध्ये दिवसाला ८०० मिलिग्रॅम आणि त्यापुढच्या ईजीसीजीबद्दल इशारा दिला. उपाशीपोटी घेतलं तर ते जास्त शोषलं जातं, आणि नेमकं तसंच घ्यायला सांगतात. कपातला ग्रीन टी प्यायला हरकत नाही.

लक्ष्मीतरू हे मध्य अमेरिकेतलं झाड. १९६० च्या दशकात ते अमरावतीच्या संशोधन केंद्रात आणलं ते तेलबियांसाठी. कर्करोगाची कीर्ती पुढची. त्याच्या पानांत क्वासिनॉइड गटातली कडू द्रव्यं असतात आणि ती पेशींना विषारी आहेत यात शंका नाही. पण ती निरोगी पेशींनाही सोडतात असं नाही. ‘११ पानं २ भांडी पाण्यात आटवून १ करा’ अशा कृतीत द्रव्य किती उतरलं, हे पानाच्या वयावर, ऋतूवर आणि आचेवर ठरतं. सोमवारचा आणि मंगळवारचा डोस सारखा नसतो. शोधनिबंधातला अर्क मिथेनॉलचा, तुमचा पाण्याचा, म्हणजे मुळात दोन वेगळे पदार्थ. याच रांगेत लक्ष्मणफळाची पानंही सुचवली जातात. त्यातलं अ‍ॅनोनासिन मेंदूच्या पेशींना मारक आहे आणि कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर या फळा-पानांच्या नेहमीच्या सेवनाचा संबंध पार्किन्सनसारख्या आजाराशी जोडला गेला आहे. तेही नको. गुळवेलही सध्या बाजूला ठेवा. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेले रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नाही, पण ज्याचा या बाबतीत उपयोगच दाखवलेला नाही, त्यासाठी हा वाद अंगावर कशाला घ्यायचा?

‘उपयोग नाही झाला तरी अपाय तर नाही ना’ हे वाक्य आम्हाला सर्वांत धोक्याचं वाटतं. गाजर-पालेभाज्या जास्त खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो, म्हणून त्यातलं बीटा-कॅरोटीन वेगळं काढून फिनलंडमध्ये २९ हजार धूम्रपानी पुरुषांच्या चाचणीत वापरलं. १९९४ मध्ये निकाल आला : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली, तिथे वाढ २८ टक्के होती. अन्नातला गुण गोळीत येतोच असं नाही, कधी तो उलटतो.

वनस्पतींवर आमचा राग नाही. ताईंना केमोत पॅक्लिटॅक्सेल दिलं असेल, तर ते मुळात यू झाडाच्या सालीतलं. सह्याद्रीत नरक्या म्हणून झाड आहे. त्यातलं कॅम्प्टोथेसिन मिळवण्यासाठी त्याची चोरटी तोड झाली. १९७० च्या दशकात त्याचं साधं रूप रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयाला भयंकर इजा झाली आणि काम थांबलं. रेणू बदलत, मात्रा आखत, पुढे प्रतिपिंडाला जोडून त्याचेच वंशज आज स्तनाच्या कर्करोगात वापरले जातात. ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन हे त्यातलं एक. नरक्याचा काढा म्हणून कुणी प्यायला असता तर काय झालं असतं, हे त्या मूत्राशयांनी सांगितलंच आहे. आणि हे सगळे उपचार आहेत, प्रतिबंध नव्हे.

बाटलीबद्दल एवढंच : १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्यानुसार कर्करोग बरा करण्याची किंवा टाळण्याची जाहिरात करायला मनाई आहे. त्यामुळे लेबलवर ‘प्रतिकारशक्तीसाठी’ लिहितात आणि कर्करोगाचा दावा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक म्हणजे परिणामाची हमी नाही.

तुम्ही स्वतः महिनाभर घेतलंय, तर बंद करून एक यकृताची तपासणी करून घ्या : एसजीपीटी, एसजीओटी, बिलिरुबिन. लघवी गडद, डोळे पिवळे, अंगाला खाज किंवा अन्नाचा तिटकारा जाणवत असेल तर आजच. आणि घेतलेल्या बाटल्या डॉक्टरांकडे सोबत न्या, नावं लक्षात राहत नाहीत.

आता प्रतिबंधाकडे येऊ. बहीण ४५ व्या वर्षी आणि सख्खी मावशी पन्नाशीच्या आत, ही जोडी बघून पहिला प्रश्न बीआरसीए जनुकांचा येतो, ज्यांतला दोष स्तनाच्या कर्करोगाची शक्यता वाढवतो. ही तपासणी आधी ताईंची करायची, तुमची नव्हे. त्यांच्यात दोष सापडला तर तुमच्यात फक्त तोच शोधायचा, आणि नाही निघाला तर ते ‘नाही’ विश्वासाचं. उलट ताईंना वगळून तुमची केली आणि काही निघालं नाही, तर कुटुंबातला दोष चाचणीला सापडलाच नसेल, ही शंका उरतेच. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना लागतो. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल आला तर त्यावरून कोणताही निर्णय घ्यायचा नसतो, हे आधीच समजून ठेवा. समुपदेशनासह ही सोय टाटा स्मारकाच्या जनुकीय चिकित्सालयात आहे, मोठ्या शहरांतल्या इतर कर्करोग रुग्णालयांतही मिळते. ताईंचा बायोप्सीचा मूळ अहवाल आणि मावशीचे जे कागद मिळतील ते सोबत हवेत. वडिलांकडच्या बायकांचे आजारही विचारून ठेवा, दोष वडिलांकडूनही येतो. बीजाशयाचा कर्करोग आणि पुरुषांतला स्तनाचा कर्करोग मुद्दाम विचारा.

बीआरसीए-१ किंवा २ मध्ये दोष असेल, तर ८० वर्षांपर्यंत स्तनाच्या कर्करोगाची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते आणि मग दरवर्षी एमआरआय, बीजाशय काढणं अशा निर्णयांची चर्चा होते. दोष नसला तरी तुमची जोखीम सरासरीपेक्षा जास्तच. तेव्हा औषधाने प्रतिबंध हवा का, हे तज्ज्ञांना जरूर विचारा, कारण तसं औषध आहे. १९९८ साली अमेरिकेत १३,३८८ जास्त जोखमीच्या स्त्रियांच्या चाचणीत ज्या गोळीने आक्रमक कर्करोग जवळपास निम्म्यावर आणला, ती टॅमॉक्सिफेनच, जिचा जोर ताईंच्या कॅप्सूल कमी करू शकतात. तिचे धोके आहेत : रक्ताच्या गुठळ्या, आणि मुख्यतः पन्नाशीनंतर गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग. म्हणून ती मनाने घ्यायची नाही. जोखीम मोजून, ठरवून घ्यायची.

रोजच्या जगण्यातलं थोडक्यात : आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, पाळी गेल्यावर वजन वाढू न देणं, दारू अजिबात नको, हार्मोनच्या गोळ्या विनाकारण नकोत. खाण्यात हवंच असेल तर जवस. टोरांटोतल्या एका छोट्या चाचणीत ऑपरेशनची वाट बघणाऱ्या रुग्णांनी महिनाभर रोज २५ ग्रॅम दळलेलं जवस खाल्लं, तेव्हा गाठीतल्या पेशींच्या वाढीचा वेग उतरलेला दिसला. यावरून प्रतिबंध सिद्ध होत नाही, पण जवसाची चटणी हे अन्न आहे. मंद भाजून, कुटून, आठवड्यापुरतीच करा. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं आणि कुटलेलं जास्त दिवस ठेवलं की खवट होतं. एक-दोन चमचे, वर भरपूर पाणी, आणि गोळ्यांपासून दोन तास लांब.

मुलीला काहीही देऊ नका. १७ व्या वर्षी तिला ना अर्काची गरज, ना जनुकीय तपासणीची. ती सज्ञान झाल्यावर, कुटुंबात दोष सापडला असेल तर, तपासायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.

आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, जिचा पत्रात उल्लेखही नाही. जवळच्या नात्यात ज्या वयात आजार निघाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून तपासणी सुरू करतात. तुमच्या बाबतीत ते वय ३५ होतं. मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारकाने १९९८ पासून दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षं चाचणी केली. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांतले या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत हा फायदा दिसला नाही, म्हणून तुमच्यासाठी हाताच्या तपासणीसोबत यंत्रही हवं. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून ७ ते १४ या दिवसांत वेळ घ्या, तेव्हा दाबल्यावर कमी दुखतं. त्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओडरंट नको, त्यातले कण चित्रात कॅल्शियमसारखे दिसतात. अहवालात घनता ‘सी’ किंवा ‘डी’ (म्हणजे दाट) लिहिली असेल तर सोबत सोनोग्राफी करून घ्या. बायरॅड्स (अहवालाखालचा श्रेणीचा आकडा) १ किंवा २ आलं तर पुढच्या वर्षी परत, ० आलं तर आणखी चित्रं लागतील, ४ किंवा ५ आलं तर बायोप्सी. सगळ्यात जास्त घोळ ३ ला होतो : ‘सहा महिन्यांनी पुन्हा’ म्हणून सांगतात, घरी सुटकेचा निःश्वास टाकला जातो, एखादा काढा सुरू होतो आणि ते सहा महिने कधी येतच नाहीत. ती तारीख तिथेच, सेंटरवर, लिहून घ्या आणि फिल्म जपून ठेवा. पुढच्या वेळी शेजारी ठेवून बघायला तीच लागते.